आधी पाणी निवळू द्या, मग क्लोरीन घाला!
1 मेच्या ग्रामसभेआधी वरसे आणि कुंडलिकाकाठच्या गावांना कळकळीचं आवाहन

माझ्या वरसेकर बंधू-भगिनींनो, आणि रोहा, धाटाव, कोलाडपासून पेणच्या खारेपाटापर्यंतच्या शेजाऱ्यांनो,

येत्या 1 मेला ग्रामसभा आहे आणि त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात पाऊस. या दोन्हींच्या मधल्या दिवसांत आपल्याला नळाच्या पाण्यासाठी एक काम उरकायचं आहे. पाऊस सुरू झाल्यावर ते होणार नाही. म्हणून हे पत्र वाचून बाजूला ठेवू नका. घरातल्यांना वाचून दाखवा, शेजारी द्या, आणि ग्रामसभेला या.

पहिला पाऊस पडून दोन-चार दिवस झाले की आपल्याकडे नळाचं पाणी बदलतं. आधी जरा तांबूस येतं, मग एकदम उग्र वासाचं. सकाळी चहाचं आधण ठेवलं की वाफेबरोबर तो वास नाकाशी येतो आणि घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं, "आज पावडर जास्त पडली वाटतं." आपण आलं जरा जास्त किसतो, चहा पितो आणि कामाला लागतो. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. मी शाळेत विज्ञान शिकवलं. क्लोरीनचे गुणधर्म कितीदा तरी फळ्यावर लिहून दिले. पण पाण्यात पडल्यावर त्या क्लोरीनचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर पडला.

गेल्या पावसाळ्यात मी ओट्यावर दोन काचेचे पेले मांडले. दोन्हींत फिल्टरचं स्वच्छ पाणी घेतलं. आंब्या-फणसाचा सुका पाचोळा रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून घेतला होता. त्याचं कोऱ्या चहासारखं दिसणारं दोन चमचे पाणी मी दुसऱ्या पेल्यात घातलं. ढवळल्यावर दोन्ही पेले जवळजवळ सारखेच दिसत होते. मग टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून खाली बसू दिली आणि वरच्या निवळीचे सारखेच थेंब दोन्हींत टाकले. अर्धा तास झाकून ठेवले. नंतर आमच्या आरोग्यसेविका ताईंनी आपल्या बाटलीतून क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टचे थेंब टाकले. पहिला पेला लगेच पिवळा झाला, म्हणजे क्लोरीन शिल्लक होतं. दुसरा तसाच राहिला. ताई म्हणाल्या, "पहिल्या पावसात शेवटच्या नळाला अगदी असंच होतं."

दुसऱ्या पेल्यातलं क्लोरीन गेलं कुठे? ते पाचोळ्याच्या अर्काने खाल्लं. त्या झटापटीत काही नवे पदार्थ तयार झाले. ते दिसत नाहीत आणि ओटी टेस्टमध्ये कळतही नाहीत. हे आवाहन त्या पदार्थांविषयी आहे.

क्लोरीन बंद करा, असं कुणीही म्हणू नका

पुढे जाण्याआधी हे ठासून सांगते. या पत्राचा आधार घेऊन कुणी "पावडर टाकू नका" म्हणू लागला, तर तो गावाचा घात करील. कॉलरा, टायफॉइड, कावीळ, गॅस्ट्रो ही सगळी पाण्यातून येणारी दुखणी आहेत आणि क्लोरीन हा त्यांच्यावरचा सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा पहारा आहे. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएस (गुलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागोमाग सापडू लागले. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. कित्येकांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा दूषित पाण्या-अन्नातून येणारा जंतू सापडला आणि त्या भागातल्या काही ठिकाणच्या पाण्यात क्लोरीनचा अंशही नव्हता. जंतू दोन दिवसांत माणूस आडवा करतो. मी ज्या पदार्थांविषयी सांगते आहे, त्यांचा धोका वीस-तीस वर्षांच्या पिण्यातून साठत जातो. जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं हेच आहे की हे पदार्थ कमी करावेत, पण त्यासाठी जंतुनाशनाशी तडजोड करू नये.

आपली मागणी त्यामुळे एवढीच आहे: क्लोरीन हवंच, पण ते स्वच्छ पाण्यात पडलं पाहिजे.

काय तयार होतं आणि कसं

1974 साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहान्स रूक या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की नदीच्या पाण्यात क्लोरीन घातलं की त्यात क्लोरोफॉर्म तयार होतं. पूर्वी शस्त्रक्रियेआधी भूल द्यायला वापरत, तेच क्लोरोफॉर्म. त्याच वर्षी अमेरिकेतही हेच आढळलं. कुजलेली पानं, माती, शेण, शेवाळ, सांडपाणी यांतून पाण्यात सेंद्रिय द्रव्यं उतरतात. क्लोरीन त्यांच्याशी भिडतं आणि त्यातून ट्रायहॅलोमिथेन नावाचं चार पदार्थांचं कुटुंब जन्माला येतं. क्लोरोफॉर्म त्यातला थोरला. त्याच्याबरोबर हॅलोअ‍ॅसेटिक आम्लंही तयार होतात.

हे पदार्थ कधी वाढतात? पाण्यात सेंद्रिय द्रव्य जास्त असेल तेव्हा, क्लोरीनची मात्रा जास्त असेल तेव्हा, पाणी कोमट असेल तेव्हा, आणि क्लोरीन घातलेलं पाणी टाकीत व पाइपात जास्त वेळ पडून राहिलं की. आता आपल्याकडचा पावसाळ्याचा पहिला आठवडा डोळ्यांपुढे आणा. एप्रिलमध्ये भाजलेल्या राबांची राख, डोंगरउतारावरचा वर्षभराचा पाचोळा, वाड्यांतलं शेण, हे सगळं वहाळांतून नदीत येतं. हवा दमट आणि गरम. पाणी गढूळ दिसलं की पावडर वाढवली जाते. शेवटच्या नळाला ओटी पिवळी होत नाही म्हणून आणखी वाढवली जाते. माझ्या दुसऱ्या पेल्यात जे झालं, ते गावाच्या टाकीत होतं. जलसुरक्षकाला दोष देऊ नका. शेवटच्या घरापर्यंत क्लोरीन पोचवणं हे त्याचं कामच आहे. दोष पाणी न निवळता क्लोरीन घालण्याच्या क्रमात आहे.

आपल्या भागात हे जास्त जपायला का हवं

कुंडलिका ही साधी नदी नाही. 1927 पासून मुळशीच्या धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात उतरतं. त्याच सोडलेल्या पाण्यावर कोलाडला सकाळी राफ्टिंगच्या होड्या धावतात. पण पुढे धाटावची रासायनिक एमआयडीसी, रोहा शहर, आणि मग थेट रेवदंड्याची खाडी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तिच्यात कुंडलिकेचं नाव आहे. नदीत जितकी घाण, तितकं क्लोरीन जास्त लागतं आणि तितकीच ही उपउत्पादनं जास्त. कारखान्यांच्या सांडपाण्यातले फिनॉलसारखे पदार्थ पाण्यात असले, तर क्लोरीनबरोबर त्यांची औषधासारखी तीव्र चव तयार होते. तुमच्या नळाला कधी अशी चव आली तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट खाऱ्या पाण्याची. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 65 मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. शंभर लिटर गोड्या पाण्यात एक लिटर खारं मिसळलं, तरी अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त ब्रोमाइड प्रत्येक लिटरमध्ये आलं. क्लोरीन त्या ब्रोमाइडला जागं करतं आणि मग ब्रोमिन असलेली ट्रायहॅलोमिथेन तयार होतात. ती क्लोरोफॉर्मपेक्षा जास्त घातक मानली जातात. आपल्या भारतीय मानकातच हा फरक दिसतो. क्लोरोफॉर्मला लिटरमागे 200 मायक्रोग्रॅमची मुभा आहे, पण ब्रोमोडायक्लोरोमिथेनला फक्त 60. म्हणून खाडीकाठच्या, मचूळ विहिरी असलेल्या गावांनी हे आवाहन दुप्पट लक्ष देऊन वाचावं. पेणच्या खारेपाटाने गोड्या पाण्यासाठी पिढ्यान्पिढ्या वाट पाहिली आहे. मिळेल ते पाणी घ्यावं लागतं, म्हणूनच ते तपासून घेण्याचा त्यांचा हक्क सगळ्यात मोठा.

धोका किती, हे खरं खरं

घाबरवून सोडणं मला मान्य नाही, म्हणून जेवढं पक्कं आहे तेवढंच सांगते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने क्लोरोफॉर्म आणि ब्रोमोडायक्लोरोमिथेन यांना माणसात कर्करोगाला कारण होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवलं आहे. अनेक वर्षं ट्रायहॅलोमिथेनचं प्रमाण जास्त असलेलं पाणी वापरणाऱ्यांत मूत्राशयाचा कर्करोग जास्त आढळतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. युरोपातल्या देशांची आकडेवारी जमवून 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तिथल्या मूत्राशयाच्या कर्करोगाच्या सुमारे 5 टक्के रुग्णांचा संबंध या पदार्थांशी जोडला. गर्भपात आणि कमी वजनाची बाळं यांच्याशी असलेल्या संबंधावर अभ्यासकांचं एकमत झालेलं नाही, पण गरोदर बाईने सावध राहावं इतपत शंका आहे.

मूत्राशयाच्या कर्करोगाचं सगळ्यात मोठं कारण तंबाखू आहे. विडी, सिगारेट, तंबाखू सोडणं हे पाण्याआधी. पण तंबाखू माणूस स्वतः ओढतो. नळाचं पाणी तान्हं बाळही पितं, आणि त्याला कुणी विचारत नाही.

हे पदार्थ फक्त पिण्यातूनच शरीरात जातात असं नाही. ट्रायहॅलोमिथेन सहज उडून जाणारी आहेत. बंद न्हाणीघरात गीझरचं कढत पाणी घेऊन बराच वेळ अंघोळ केली की ती वाफेतून श्वासात आणि कातडीतून अंगात जातात.

जे मोजतच नाही, ते सुरक्षित कसं म्हणायचं?

आपल्या गावांत पाण्याची तपासणी होते, हे खरं आहे. ओटी टेस्ट होते. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना तपासणी संच दिले आहेत. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जंतू तपासले जातात. शिवाय पाण्याच्या ठिकाणांच्या स्वच्छतेच्या पाहणीवरून पंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. हे सगळं चालू राहायलाच हवं. पण त्या संचात ट्रायहॅलोमिथेन तपासायची बाटली नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. हिरवं कार्ड फार तर जंतूंबद्दल आश्वासन देतं, या पदार्थांबद्दल काही सांगत नाही.

भारतीय मानक 10500 मध्ये 2012 पासून चारही ट्रायहॅलोमिथेनच्या मर्यादा लिहिलेल्या आहेत. अमेरिकेत चारही मिळून 80 मायक्रोग्रॅम, युरोपात 100. हॅलोअ‍ॅसेटिक आम्लांना तिथे 60 ची मर्यादा आहे, आपल्या मानकात त्यांना जागाच नाही. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढं बारीक मोजणं अशक्य नाही. नागपूरच्या निरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मुंबईच्या पाणी शुद्धीकरणावर हे मोजून 2002 सालीच अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईचं पाणी मोजता येतं, मग कुंडलिकेच्या काठचंही मोजता येईल. फक्त कुणीतरी मागितलं पाहिजे.

ग्रामसभेत मागायच्या सात गोष्टी

1. आपलं पाणी कुठून उचललं जातं, कुठे शुद्ध होतं, क्लोरीन कोणत्या टप्प्यावर आणि किती घातलं जातं, हे पंचायतीच्या फलकावर लिहावं. तपासणीचा प्रत्येक अहवाल तिथेच लावावा.

2. क्लोरीन घालण्याआधी तुरटीने गाळ खाली बसवणं, पाणी निवळणं आणि गाळणं हे टप्पे पूर्ण व्हावेत. कच्च्या पाण्यातच क्लोरीनचा मोठा डोस दिला जात असेल, तर तो कमी करून गाळल्यानंतर देता येईल का, हे पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांनी ग्रामसभेत सांगावं. या पदार्थांवरचा सगळ्यात मोठा आणि स्वस्त उपाय हाच आहे.

3. 31 मेपूर्वी सर्व टाक्या रिकाम्या करून, खरवडून धुवाव्यात. पाइपलाइनच्या टोकांना साचलेला गाळ व्हॉल्व्ह उघडून बाहेर काढावा. टाकीच्या तळाचा चिखल हेसुद्धा क्लोरीनचं खाद्यच आहे.

4. टीसीएल पावडरची खरेदीची तारीख आणि ताकद नोंदवावी. ताज्या पावडरमध्ये सुमारे 33 टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की ते झपाट्याने उडतं. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पिण्याच्या पाण्याला वापरू नये. ताकद ठाऊक नसेल तर मात्रा अंदाजाने पडते, कधी कमी तर कधी भरमसाट.

5. ओटी टेस्ट रोज आणि शेवटच्या नळाला व्हावी. तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन असायलाच हवं. 1 मिलिग्रॅमच्या वर वारंवार जात असेल, तर मात्रा गरजेपेक्षा जास्त पडते आहे, असं समजावं.

6. ट्रायहॅलोमिथेनची तपासणी वर्षातून तीनदा करावी: मेमध्ये, पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच, आणि ऑक्टोबरमध्ये. नमुना टाकीवरून घेऊ नये, शेवटच्या नळाचा घ्यावा. तो एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेनेच घ्यावा, कारण बाटली गडद काचेची, आतलं क्लोरीन तिथल्या तिथे थांबवणारं रसायन घातलेली आणि हवेचा बुडबुडाही न ठेवता भरलेली लागते. खर्चाची तरतूद पंचायतीने आणि जिल्हा परिषदेने करावी.

7. नदीच्या वरच्या बाजूचं सांडपाणी, कचरा आणि कारखान्यांचं पाणी यांवर देखरेख ठेवण्यासाठी कुंडलिकाकाठच्या पंचायतींनी एकत्र यावं. नदी स्वच्छ झाली की क्लोरीन आपोआप कमी लागेल.

ग्रामसभेत उत्तर मिळालं नाही, तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. 2005 च्या कायद्याने 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्जात नेमकं मागा: गेल्या तीन वर्षांतले ट्रायहॅलोमिथेनचे तपासणी अहवाल, आणि नसतील तर तसं लेखी.

तोवर घरात काय करावं

पिण्याचं पाणी उघड्या पातेल्यात खळखळून उकळा आणि उकळी फुटल्यावर काही मिनिटं तसंच राहू द्या. जंतू मरतात, शिवाय क्लोरोफॉर्म 61 अंशांनाच उकळतं, म्हणून ट्रायहॅलोमिथेनचा बराच भाग निघून जातो. त्या वेळी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा. हॅलोअ‍ॅसेटिक आम्लं मात्र उकळून पूर्ण जात नाहीत, म्हणून खरा उपाय पंचायतीच्या पातळीवरच. पाणी निवल्यावर झाकून ठेवा आणि ओगराळ्यानेच घ्या.

घरी फिल्टर असेल तर त्यातली कार्बनची कांडी वेळच्या वेळी बदला. हे पदार्थ ती कांडी पकडते, पण तिची ताकद संपली की फिल्टर फक्त दिसायला उरतो. गीझरच्या पाण्याने अंघोळ करताना खिडकी उघडा किंवा पंखा लावा. आणि गच्चीवरच्या टाकीत स्वतः पावडर टाकू नका. डोळ्यांच्या अंदाजाने टाकलेली मूठ जंतूंना कमी पडते किंवा पोटाला जास्त होते.

ठरावाचा मसुदा

वेळ वाचावा म्हणून ठरावाचा मजकूर इथेच देते. तो कागदावर उतरवून घ्या, ग्रामसभेत वाचा आणि नोंदवहीत लिहून घ्यायला लावा:

"ही ग्रामसभा ठराव करते की, गावाच्या पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घालण्याआधी ते निवळून व गाळून घ्यावे, सर्व टाक्या 31 मेपूर्वी धुवाव्यात, शेवटच्या नळाच्या पाण्याची ट्रायहॅलोमिथेनसाठी तपासणी वर्षातून तीनदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घ्यावी, आणि सर्व अहवाल पंचायतीच्या फलकावर जाहीर करावेत."

माझी आजी पावसाळ्यात हंड्याच्या आतल्या बाजूला निवळीची बी घासायची. ते पाणी रात्रभर न हलवता ठेवायची आणि सकाळी वरचं पाणी दुपदरी फडक्यातून गाळून घ्यायची. रसायनशास्त्र तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण क्रम तिला ठाऊक होता. आधी निवळणं, मग गाळणं, मग पिणं. आपल्याला क्लोरीन मिळालं, हे आपलं भाग्य. पण ते मिळाल्यावर आपण तिचे पहिले दोन टप्पे घाईने उरकू लागलो. ते परत आणायचे आहेत, हंड्यात नव्हे, तर गावाच्या टाकीत.

1 मेला येताना घरच्या नळाचं पाणी एका स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून आणा. झाकण उघडून सगळ्यांनी वास घ्या, आणि मग ठरावाला हात वर करा.

आपली,
वरसेची एक रहिवासी, निवृत्त विज्ञान शिक्षिका